डॉटनेटच्या डीआय कंटेनरमध्ये रॅबिटएमक्यू बसवताना: कनेक्शनपासून हँडलरपर्यंत

वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्याला डिपेंडन्सी इंजेक्शनमधील (डीआय, म्हणजे वर्गाला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः न बनवता कंटेनरने पुरवणे) स्कोपचा, म्हणजे एका कामापुरत्या जगणाऱ्या वस्तूंच्या कक्षेचा, फारसा विचार करावा लागत नाही, कारण एचटीटीपी विनंती आली की एएसपी डॉटनेट कोअर स्वतःच एक स्कोप उघडते, त्या विनंतीपुरता डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारी वस्तू) त्यातून पुरवते आणि उत्तर गेले की स्कोप मिटवून टाकते. रॅबिटएमक्यू या संदेश पोहोचवणाऱ्या सर्व्हरच्या क्यूमधून (रांगेतून) संदेश येतो तेव्हा यातले काहीही आपोआप घडत नाही. संदेश क्लायंट लायब्ररीच्या हाती पडतो आणि त्या लायब्ररीला आपल्या कंटेनरचा पत्ताच नसतो. संदेशप्रणाली आणि डीआय कंटेनर यांची सांधणी म्हणजे प्रत्यक्षात एकाच प्रश्नाचे नीट उत्तर देणे होय: कोणती वस्तू किती काळ जगणार आणि तिला मिटवण्याची जबाबदारी कोणाची?

पुढील मांडणी डॉटनेट ८ किंवा त्यानंतरची आवृत्ती, तिच्यासोबत येणारा मायक्रोसॉफ्टचा अंगभूत कंटेनर, एंटिटी फ्रेमवर्क कोअर आणि रॅबिटएमक्यूच्या अधिकृत डॉटनेट क्लायंटची सातवी आवृत्ती गृहीत धरून केली आहे. या सातव्या आवृत्तीत क्लायंटचा सगळा एपीआय असिंक झाला, जुन्या आयमॉडेलचे नाव आयचॅनल झाले आणि त्यामुळे जालावर सापडणारे बरेचसे जुने नमुने आता जसेच्या तसे चालत नाहीत. उदाहरण म्हणून पुस्तकविक्रीची एक साधी प्रणाली घेऊ. वेब भागात ऑर्डर नोंदली गेली की ‘ऑर्डर नोंदली’ असा संदेश क्यूमध्ये जातो आणि वेगळी वर्कर प्रक्रिया तो उचलून त्या पुस्तकाचा साठा कमी करते.

आधी आयुर्मान ठरवा

कोड लिहिण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे आयुष्य कागदावर मांडणे उपयोगी पडते. रॅबिटएमक्यूचे कनेक्शन म्हणजे एक टीसीपी जोडणी. ती उभी करणे खर्चिक असते आणि प्रक्रिया चालू आहे तोवर ती टिकावी अशीच तिची रचना आहे, म्हणून कनेक्शन सिंगलटन, म्हणजे सगळ्या प्रक्रियेत एकच. चॅनल त्या कनेक्शनवर चालणारी हलकी उपजोडणी असते. ते कन्झ्युमरइतके (क्यूमधून संदेश उचलणाऱ्या भागाइतके) जगते आणि एकाच वेळी अनेक थ्रेडनी त्यावर संदेश प्रकाशित करू नयेत. हँडलर (संदेशावर प्रत्यक्ष काम करणारा वर्ग) आणि त्याला लागणारा डीबीकॉन्टेक्स्ट मात्र एका संदेशापुरते जगले पाहिजेत, म्हणजेच ते स्कोप्ड. हे तीन निर्णय पक्के झाले की पुढचे बहुतेक काम त्यांच्यातूनच निघते, आणि यातला एखादा चुकला की पुढची कितीही हुशारी ती चूक भरून काढत नाही.

कनेक्शनची नोंदणी

येथे पहिली अडचण अशी की कनेक्शन उघडण्याची क्रिया असिंक आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या कंटेनरमध्ये असिंक फॅक्टरीची सोय नाही. अनेक जण यावर सोपा उपाय म्हणून अ‍ॅडसिंगलटनच्या फॅक्टरीमध्येच टास्कचा रिझल्ट थांबून घेतात. असे करू नये. ब्रोकर (रॅबिटएमक्यूचा सर्व्हर) उशिरा प्रतिसाद देत असेल तर सिंगलटन बनवताना घेतलेले कुलूप तेवढा वेळ धरून ठेवले जाते आणि त्याच वस्तूची वाट पाहणारे बाकीचे थ्रेड ताटकळत राहतात.

त्याऐवजी कनेक्शन सांभाळणारा एक छोटा वर्ग लिहावा आणि तो वर्ग सिंगलटन म्हणून नोंदवावा. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त जोडणीच्या सेटिंग्ज येतात आणि कोणतेही नेटवर्कचे काम होत नाही. त्याच्या असिंक मेथडमध्ये एक सेमाफोरस्लिम (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) घेऊन, कनेक्शन आधीच उघडे असेल तर तेच परत द्यावे, नसेल तर उघडावे. वर्गाने आयएसिंकडिस्पोजेबल हा इंटरफेस पाळावा आणि त्यात कनेक्शन बंद करावे. नोंदणी प्रकाराच्या नावाने किंवा फॅक्टरीने करावी, स्वतः बनवलेली वस्तू अ‍ॅडसिंगलटनला थेट देऊ नये, कारण कंटेनर फक्त त्याने स्वतः निर्माण केलेल्या वस्तू मिटवतो आणि बाहेरून दिलेल्या वस्तूंना हात लावत नाही.

क्लायंटमध्ये तुटलेली जोडणी पुन्हा जोडण्याची सोय मुळातच चालू असते आणि दोन प्रयत्नांमध्ये ती ५ सेकंद थांबते. परंतु ही सोय पहिल्या जोडणीला लागू होत नाही. डॉकरचे कंटेनर एकत्र सुरू होताना ब्रोकर मागे राहिला आणि वर्कर आधी उभा राहिला, तर ब्रोकरअनरीचेबल हा अपवाद थेट आपल्या अंगावर येतो. म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न करणारी आवर्तने आपणच लिहावी लागतात. होस्ट, पोर्ट आणि व्हर्च्युअल होस्ट यांसाठी ऑप्शन्स पॅटर्न (सेटिंग्ज एका वर्गात बांधण्याची पद्धत) वापरून त्यावर व्हॅलिडेटऑनस्टार्ट लावले, तर रिकामे राहिलेले होस्टनाव पहिल्या संदेशाच्या वेळी नव्हे, प्रक्रिया सुरू होतानाच कळते.

एकाच प्रक्रियेत संदेश प्रकाशित करणे आणि उचलणे दोन्ही होत असेल तर दोन स्वतंत्र कनेक्शन ठेवावीत. ब्रोकरची मेमरी कमी पडली की तो प्रकाशन करणारी जोडणी अडवून धरतो. त्याच जोडणीवरून कन्झ्युमरही चालत असेल तर पोचही (संदेशाचे काम झाल्याची ब्रोकरला दिलेली कबुली) तिथेच अडकते, आणि क्यू रिकामी करून ब्रोकरचा भार हलका करू शकणारा कन्झ्युमरच थबकतो. डॉटनेट ८ मध्ये आलेल्या कीड सर्व्हिसेस या कामासाठी सोयीच्या आहेत. एकाच प्रकाराच्या दोन नोंदी ‘प्रकाशन’ आणि ‘ग्रहण’ अशा किल्ल्यांनी करता येतात.

कन्झ्युमर कुठे राहतो

कन्झ्युमरसाठी बॅकग्राउंडसर्व्हिसपासून निघालेला वर्ग लिहून तो अ‍ॅडहोस्टेडसर्व्हिसने नोंदवावा. त्याच्या एक्झिक्यूटएसिंकमध्ये क्रम असा असतो: कनेक्शन मिळवणे, चॅनल उघडणे, क्यूची घोषणा करणे, बेसिकक्यूओएसने प्रीफेच (पोच न देता एका वेळी किती संदेश हाती घ्यायचे) ठरवणे, असिंक कन्झ्युमरला रिसीव्ह्डएसिंक घटनेवर आपली मेथड जोडणे, ऑटोअ‍ॅक (आपोआप पोच) बंद ठेवून बेसिककन्झ्यूम करणे आणि मग थांबण्याचा टोकन येईपर्यंत वाट पाहणे. ही शेवटची वाट पाहण्याची ओळ अनेकदा राहून जाते. मग मेथड लगेच संपते, तिच्यातला चॅनल मिटतो आणि लॉगमध्ये कुठेही त्रुटी न दिसता वर्कर निवांत बसून राहतो.

प्रीफेचचा आकडा शून्य ठेवला तर त्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा होतो, हे ठाऊक नसेल तर एकाच वर्करच्या मेमरीत सगळी क्यू उतरते. दुसरीकडे, प्रीफेच २० केला म्हणून २० संदेशांवर एकाच वेळी काम सुरू होत नाही. कन्झ्युमरडिस्पॅचकन्करन्सी या सेटिंगचे मूळ मूल्य १ आहे, त्यामुळे हँडलर एकामागून एकच चालतात. ते मूल्य वाढवण्यापूर्वी पुढचा भाग नीट बसलेला असला पाहिजे.

एका संदेशाला एक स्कोप

अ‍ॅडहोस्टेडसर्व्हिसने नोंदवलेली सेवा सिंगलटन असते. तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये हँडलर किंवा डीबीकॉन्टेक्स्ट मागितला, तर स्कोप्ड वस्तू सिंगलटनच्या पोटात अडकते आणि प्रक्रिया बंद होईपर्यंत तशीच राहते. विकसकाच्या यंत्रावर कंटेनर ही चूक पकडतो आणि ‘कॅनॉट कन्झ्यूम स्कोप्ड सर्व्हिस’ अशा शब्दांत नकार देतो. परंतु ही तपासणी फक्त डेव्हलपमेंट वातावरणात आपोआप चालू असते. वातावरणाचे नाव ठरवणारा व्हेरिएबल नसेल तर डॉटनेट प्रॉडक्शनच गृहीत धरते आणि तिथे तीच चूक मुकाट्याने पोटात घेतली जाते.

त्याचा परिणाम काय होतो हे पुस्तकांच्या साठ्यावर पाहू. एका पुस्तकाच्या १२ प्रती आहेत. पहिला संदेश आला, अडकलेल्या डीबीकॉन्टेक्स्टने ती नोंद डेटाबेसमधून वाचली, ११ केली आणि जतन केली. दुपारी नवीन गठ्ठा आला आणि वेब भागातून साठा ५१ करण्यात आला. संध्याकाळी दुसरा संदेश आला. हँडलरने तीच नोंद पुन्हा मागितली आणि क्वेरी खरोखर डेटाबेसपर्यंत गेलीही, पण एंटिटी फ्रेमवर्क ज्या नोंदीचा मागोवा आधीपासून ठेवत आहे तिच्यावर नवी मूल्ये लिहीत नाही. ते आपल्याकडची जुनी वस्तूच परत देते. हँडलरला ११ दिसले, त्याने १० केले, आणि समवर्ती बदल ओळखणारा स्तंभ ठेवलेला नसल्याने डेटाबेसमधील ५१ पुसून तिथे १० लिहिले गेले. कुठेही अपवाद उठला नाही. प्रक्रिया पुन्हा सुरू केली की काही काळ सगळे ठीक दिसते, त्यामुळे शोध घेणारा माणूस भलतीकडेच पाहत राहतो. त्याखेरीज मागोव्यातील नोंदी वाढत जातात आणि मेमरीही हळूहळू चढत जाते.

उपाय लहान आहे. होस्टेड सेवेच्या कन्स्ट्रक्टरमध्ये हँडलर न मागता आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी मागावी, कारण ती स्वतः सिंगलटन असते. संदेश आला की क्रिएटएसिंकस्कोपने नवा स्कोप उघडावा, त्या स्कोपच्या सर्व्हिसप्रोव्हायडरमधून हँडलर घ्यावा, त्याला संदेश द्यावा आणि काम संपले की अवेट युजिंगने स्कोप मिटू द्यावा. डॉटनेट ६ मध्ये आलेली ही असिंक मेथडच वापरावी, कारण स्कोपमधील एखादी वस्तू फक्त असिंक पद्धतीनेच मिटणारी असेल तर साध्या क्रिएटस्कोपचा स्कोप मिटवताना अपवाद उठतो. स्कोप रिसीव्ह्डएसिंकच्या आत उघडायचा, एक्झिक्यूटएसिंकच्या सुरुवातीला नव्हे. एक्झिक्यूटएसिंकच्या सुरुवातीला एकच स्कोप उघडणे म्हणजे तोच जुना दोष नव्या वेषात आणणे, आणि कोड तपासणाऱ्याच्या नजरेतून तो सहज निसटतो, कारण ‘स्कोप तर उघडला आहे’ असे त्याला दिसत असते.

तपासणी सर्व वातावरणांत चालू ठेवावी असे माझे ठाम मत आहे. डिफॉल्टसर्व्हिसप्रोव्हायडरफॅक्टरीला व्हॅलिडेटस्कोप्स आणि व्हॅलिडेटऑनबिल्ड हे दोन्ही पर्याय खरे करून द्यावेत. सुरुवातीला काही मिलिसेकंद जास्त लागतात, पण वर्करसाठी ते नगण्य आहे. व्हॅलिडेटऑनबिल्ड फॅक्टरीच्या आत डोकावू शकत नाही आणि ओपन जेनेरिक नोंदीही तपासत नाही, म्हणून हँडलरची नोंदणी शक्यतो थेट प्रकाराने करावी.

आता कन्करन्सी वाढवायला हरकत नाही. चार संदेश एकाच वेळी आले तर चार स्कोप, चार डीबीकॉन्टेक्स्ट आणि डेटाबेसच्या चार जोडण्या होतात. डीबीकॉन्टेक्स्ट एकाच वेळी दोन कामांसाठी वापरता येत नाही, परंतु इथे तशी वेळच येत नाही. फक्त वर्करच्या प्रतींची संख्या आणि कन्करन्सी यांचा गुणाकार डेटाबेस सर्व्हर किती जोडण्या पेलू शकतो याच्याशी ताडून पाहावा.

डिस्पॅचर आणि संदेशाचा संदर्भ

क्यूमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारचे संदेश येऊ लागले की कोणता हँडलर बोलवायचा हे ठरवणारा डिस्पॅचर लागतो. प्रत्येक संदेशप्रकारासाठी जेनेरिक हँडलर इंटरफेस ठेवावा, प्रक्रिया सुरू होताना एकदाच असेंब्ली चाळून हँडलर स्कोप्ड म्हणून नोंदवावेत, आणि संदेशाच्या टाइप या गुणधर्मातील नावावरून डॉटनेट प्रकाराकडे नेणारा कोश तयार करावा. या नावासाठी वर्गाचे पूर्ण नाव वापरू नये. उद्या कोणी नेमस्पेस बदलली की क्यूमध्ये आधीच पडलेले संदेश अनाथ होतात. ‘ऑर्डर नोंदली, आवृत्ती १’ या अर्थाचे एक स्थिर नाव ठरवून तेच दोन्ही बाजूंनी पाळावे.

सर्व्हिसप्रोव्हायडरकडे हाताने वस्तू मागणे ही एरवी वाईट सवय मानली जाते आणि ते बरोबरच आहे. डिस्पॅचर हा मात्र कंटेनर आणि बाहेरचे जग यांच्या सीमेवर उभा असतो, त्यामुळे त्याला ती मुभा आहे. हँडलरच्या आत आयसर्व्हिसप्रोव्हायडर दिसला तर तो काढून टाकावा.

वेब भागातील सेवा वर्करमध्ये जशाच्या तशा वापरताना एक ठेच हमखास लागते. चालू वापरकर्ता कोण हे त्या सेवा आयएचटीटीपीकॉन्टेक्स्टअ‍ॅक्सेसरकडून विचारतात आणि वर्करमध्ये तिथे नल मिळते. म्हणून ‘चालू संदर्भ’ असा स्कोप्ड वर्ग ठेवावा, ज्यात वापरकर्ता, संदेशाची ओळख आणि कोरिलेशन आयडी (एकाच कामातील संदेश जोडून दाखवणारी खूण) असतील. वेबमध्ये तो मिडलवेअरने भरावा आणि वर्करमध्ये डिस्पॅचरने संदेशाच्या हेडरमधून. येथे क्रमाला महत्त्व आहे: स्कोप उघडल्यावर आधी संदर्भ भरावा आणि मगच हँडलर मागावा, कारण हँडलरच्या अवलंबित्वांपैकी एखाद्याने कन्स्ट्रक्टरमध्येच संदर्भ वाचला तर त्याला तो रिकामा सापडतो. लॉगचा स्कोपही याच जागी उघडला की त्या संदेशाच्या प्रत्येक लॉग ओळीवर त्याची ओळख उमटते.

संदेशाचा मजकूर ज्या मेमरीत येतो ती क्लायंट लायब्ररीच्या मालकीची असते आणि घटनेची मेथड संपली की ती पुन्हा वापरली जाते. मेथडच्या आतच डिसिरियलाइझ केले तर प्रश्न नाही, पण तो मजकूर स्वतःच्या रांगेत टाकून नंतर वाचायचा असेल तर आधी त्याची प्रत करून घ्यावी.

पोच कधी द्यायची

डेटाबेसमध्ये बदल पक्का झाला, स्कोप मिटला आणि मग बेसिकअ‍ॅक, हा क्रम कधीही उलटा करू नये. पोच ज्या चॅनलवरून संदेश आला त्याच चॅनलवर द्यावी लागते. दुसऱ्यावर दिली तर ब्रोकर ४०६ या त्रुटीने ते चॅनल बंद करतो, आणि चॅनलच्या पातळीवरील अशा त्रुटीनंतर आपोआप पुनर्जोडणी होत नाही. ती फक्त कनेक्शन तुटल्यावर होते. त्यामुळे चॅनलशटडाउनएसिंक या घटनेकडे लक्ष ठेवून चॅनल नव्याने उघडण्याची आवर्तने एक्झिक्यूटएसिंकमध्येच ठेवावीत.

बदल पक्का झाला आणि पोच जाण्यापूर्वी वीज गेली, तर तोच संदेश पुन्हा येतो. हे टाळता येत नाही, ते पचवावे लागते. संदेशाची ओळख ठेवणारी एक तक्ता-नोंद त्याच डीबीकॉन्टेक्स्टमधून, त्याच व्यवहारात, युनिक इंडेक्ससह लिहावी. दुसऱ्यांदा आलेला संदेश त्या इंडेक्सवर आपटतो आणि आपण काहीही न करता पोच देतो. हे इतके सोपे होते कारण हँडलर आणि नोंद ठेवणारा वर्ग दोघेही एकाच स्कोपमधून आले असल्याने दोघांच्या हाती तोच डीबीकॉन्टेक्स्ट असतो.

अपवादांबाबत एक गोष्ट विशेष जपावी. रिसीव्ह्डएसिंकमध्ये न पकडलेला अपवाद एक्झिक्यूटएसिंकपर्यंत पोहोचत नाही. तो चॅनलच्या कॉलबॅकएक्सेप्शनएसिंक घटनेकडे जातो आणि तिथे कोणी ऐकत नसेल तर हवेत विरतो, तर संदेश पोचेविना पडून राहतो. प्रीफेच २० असेल तर असे २० संदेश साचले की ब्रोकर नवे देणे थांबवतो. १५६७२ या पोर्टवरील व्यवस्थापन पानावर ‘अनअ‍ॅक्ड’ या रकान्यात २० हा आकडा स्थिर उभा दिसतो आणि ‘रेडी’चा आकडा वाढत राहतो. पुढे पोच देण्याची ३० मिनिटांची मूळ मुदत संपली की ब्रोकर ते चॅनलच बंद करतो. म्हणून संपूर्ण मेथडभोवती ट्राय-कॅच असलाच पाहिजे आणि त्याच्या प्रत्येक वाटेचा शेवट अ‍ॅक (पोच) किंवा नॅक (नकार) यांपैकी एकाने झाला पाहिजे.

नॅक देताना मजकूरच वाचता येत नसेल किंवा प्रकार अनोळखी असेल, तर परत क्यूमध्ये न टाकता तो डेड लेटर एक्स्चेंजकडे (नाकारलेले संदेश बाजूला नेणाऱ्या वाटेकडे) जाऊ द्यावा. डेटाबेस क्षणभर बंद असल्यासारखे तात्पुरते कारण असेल तर परत टाकावा. रॅबिटएमक्यू ४.० पासून कोरम क्यूमध्ये (अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या क्यूमध्ये) पुन्हा पोहोचवण्याची मर्यादा मुळातच २० असते. ती ओलांडलेल्या संदेशासाठी डेड लेटर एक्स्चेंज ठरवलेले नसेल तर ब्रोकर तो टाकून देतो, हे विसरू नये.

हँडलरमधून पुढचा संदेश पाठवणे

साठा संपला की ‘पुनर्मागणी करा’ असा संदेश हँडलरमधून पाठवायचा असेल, तर थेट ब्रोकरकडे प्रकाशित केल्यास डेटाबेस आणि क्यू यांच्यात तफावत पडू शकते. आउटबॉक्स हा याचा रुळलेला मार्ग. प्रकाशकाचा इंटरफेस स्कोप्ड नोंदवावा, त्याच्या अंमलबजावणीने संदेश फक्त आउटबॉक्स तक्त्यात लिहावा, आणि सेव्हचेंजेसबरोबर दोन्ही गोष्टी एकदमच पक्क्या व्हाव्यात. दुसरी होस्टेड सेवा तो तक्ता ठरावीक वेळाने वाचून, प्रत्येक फेरीला स्वतःचा स्कोप उघडून, प्रकाशनाच्या कनेक्शनवरून संदेश पाठवते. त्या चॅनलवर पब्लिशर कन्फर्म चालू ठेवावेत आणि ब्रोकरची खात्री आल्यावरच नोंद ‘पाठवली’ अशी करावी.

बंद होताना

होस्टेड सेवा नोंदणीच्या क्रमाने सुरू होतात आणि उलट क्रमाने थांबतात. त्यानंतर कंटेनर मिटतो आणि त्यातल्या वस्तू निर्मितीच्या उलट क्रमाने मिटवल्या जातात. त्यामुळे कनेक्शन सांभाळणारा वर्ग कंटेनरच्या मालकीचा असेल तर तो कन्झ्युमर थांबल्यानंतरच मिटतो. कन्झ्युमरने स्वतः करायचे ते असे: टोकन आला की बेसिककॅन्सल करून नवे संदेश थांबवावेत, हातातले संदेश पूर्ण होण्याची वाट पाहावी आणि मग चॅनल बंद करावे. पोच न दिलेले संदेश चॅनल बंद होताच क्यूमध्ये परत जातात. थांबण्याचा टोकन जसाच्या तसा हँडलरकडे दिला तर अर्धे काम जागीच तुटते, म्हणून हँडलरसाठी काही सेकंदांनी रद्द होणारा वेगळा टोकन ठेवणे बरे.

मुदतींचा हिशेब मात्र एकत्र मांडावा. डॉटनेट ६ पासून होस्टची बंद होण्याची मुदत ३० सेकंद आहे, कुबरनेटिसचीही मुळात ३० सेकंदच आहे, आणि डॉकर स्टॉप तर १० सेकंदांतच प्रक्रिया मारतो. आतली मुदत बाहेरच्यापेक्षा लहान हवी. हँडलरला १५, होस्टला २० आणि कुबरनेटिसला ३० असे आकडे बहुतेक वर्करना पुरतात.

चाचणी

पहिली चाचणी ब्रोकरशिवायच लिहिता येते. खऱ्या नोंदणीच्या कोडने सर्व्हिसकलेक्शन भरावे, वरील दोन्ही तपासण्या चालू करून प्रोव्हायडर बांधावा आणि कोशातील प्रत्येक हँडलर एका स्कोपमधून मागून पाहावा. दुसरी चाचणी स्कोपची: बनताना स्वतःला नवी ओळख देणारा आणि मिटल्याची खूण ठेवणारा एक स्कोप्ड वर्ग चाचणीपुरता नोंदवावा, डिस्पॅचरला दोन संदेश द्यावेत आणि दोन वेगळ्या ओळखी मिळाल्या व दोन्ही वस्तू मिटल्या याची खात्री करावी. पुढे कोणी स्कोप उघडण्याची ओळ वर सरकवली तर ही चाचणी लगेच मोडते. तिसरी चाचणी टेस्टकंटेनर्सने (चाचणीपुरते डॉकर कंटेनर उभे करणाऱ्या लायब्ररीने) खरा रॅबिटएमक्यू उभा करून करावी. तिच्यात हँडलरने मुद्दाम अपवाद टाकावा, मर्यादा संपल्यावर संदेश डेड लेटर क्यूमध्ये एकदाच दिसावा आणि मूळ क्यूमध्ये पोचेविना काहीही उरू नये.